वडगावच्या पारावरची अमेरिका

भाऊबीजेला बहिणीच्या घरी जाऊन आलेल्या माणसाने त्यावर प्रवासवर्णन लिहावे, हे तसे हास्यास्पदच. पुण्याहून केडगावापर्यंत आगगाडीने जेमतेम सव्वा-दीड तास, आणि पुढे भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर फराळाचे डबे आवळून धरीत, उसामधून काढलेली वाट. एवढ्यात कसले आले आहे प्रवासवर्णन!

२०२३ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे आयर्लंडला तीन महिने राहून आलो, तेव्हा मात्र लिहिण्याचा संकल्प मोठ्या थाटात सोडला होता. वही भरली, फोटो काढले, पण लेख काही जमेना. वहीत राहून राहून दोनच गोष्टींची नोंद होत होती. एक, तिथले लोक अमेरिकेच्या राजकारणावर काय बोलतात. आणि दुसरी, त्यांच्या गावच्या फुटबॉल संघाचे काय झाले. या दोहोंची सांगड मला लागेना. ती लागली पुढच्या वर्षी, २०२४ च्या दिवाळीत, भीमेच्या काठी वडगाव रासाईला. म्हणून हा उपद्व्याप.

केडगावच्या फलाटावर उतरलो तेव्हा धाकटा भाचा आलेला नव्हता. वीस मिनिटे नुसते उभे राहण्यापेक्षा चहा घ्यावा म्हणून बाहेर आलो, आणि हे गाव पंडिता रमाबाईंचे, याची आठवण झाली. मुक्ती मिशनच्या नावाने ते सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली आणि बायका बाईंनी इथे आणल्या, त्यांना अन्न दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले. १९२२ साली त्यांनी देह ठेवला तोही इथेच. परंतु या बाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर एक अख्खे मराठी पुस्तक लिहिले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी १८८६ साली रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत तिथेच हिंडत राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली पुस्तक छापले. तिथला राज्यकारभार कसा चालतो, शाळा कशा आहेत, बायका मंडळ्या काढून कामे कशी पार पाडतात, सारे त्यांनी मराठी वाचकाला सांगितले. आणि काळ्या लोकांना व मूळच्या रहिवाशांना तिथे कसे वागवतात, तेही झाकून ठेवले नाही. अध्यक्षाच्या निवडणुकीत त्या वेळी तिथल्या एकाही बाईला मत नव्हते.

चहावाल्याच्या दुकानात एका कोपऱ्यात लहानसा दूरदर्शन संच लावलेला होता आणि त्यावर नेमकी अमेरिकेचीच निवडणूक चालली होती. कमला हॅरिसबाई हात हलवीत होत्या. चहावाला म्हणाला, "ह्या येत्याल का वो?" मी पुण्याचा; मला सर्व कळते असा त्याचा समज असावा. "सांगता येत नाही," म्हणालो. "मग आमच्यागतच की," असे म्हणून त्याने कप विसळायला घेतला.

तेवढ्यात भाचा आला. चौफुला, मग पारगाव, मग भीमेवरचा पूल. पूल ओलांडला की दौंड तालुका संपून शिरूर लागतो. पुण्यात आपण जिला नाक दाबून ओलांडतो, ती मुळा-मुठा याच भागात भीमेला मिळते. तेव्हा पुण्याच्या माणसाने इथल्या नदीकडे जरा वरमूनच पाहावे हे बरे. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर होता. दोन्ही काठांना ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा धूर, आणि नांगरलेले काळेभोर रान. नदीच्या अंगाने वडगाव. रासाई देवीने नाव दिलेले हे गाव मला लहानपणापासून ठाऊक आहे. अक्का इथे दिली तेव्हा मी शाळेत होतो. त्या वेळी गावात शिरताना बाभळी लागत. आता उसाची भिंत लागते आणि त्या भिंतीत बिबट्या असतो. "मामा, अंधार पडायच्या आत आलो बरं झालं," भाचा म्हणाला. मी डबे आणखी घट्ट धरले.

ओवाळणी झाली, जेवण झाले, आणि संध्याकाळी दाजींबरोबर पारावर गेलो. आणि काय सांगावे! महाराष्ट्राची विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. २० नोव्हेंबरला मतदान. दुसऱ्याच दिवशी अर्ज मागे घेण्याची मुदत संपायची होती. गावोगाव पक्ष फुटलेले, घरे फुटलेली. अशा वेळी पारावर दुसरे काही कानी पडणार नाही, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात तासाभरात एकाही उमेदवाराचे नाव कोणी उच्चारले नाही. चर्चा चालली होती ती अमेरिकेची.

"मद्रासकडं त्या बाईच्या आजोळी लोकांनी देवाला अभिषेक घातलाय," एक म्हातारबा सांगत होते. "पेपरात आलंय."

"अन् त्यो दुसरा पार्टीचा उपाध्यक्ष उभा हाय, त्येची बायकू आंध्राची," दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून उभा असलेला एक तरुण म्हणाला. "म्हंजी दोन्हीकडनं सोयरीकच."

"मंग आपण कुणाचे वऱ्हाडी?" यावर सगळा पार हसला.

मी दाजींना हळूच विचारले, की गावच्या निवडणुकीवर कोणी बोलत का नाही? दाजी म्हणाले, "बोलायचं कसं? ह्या पारावर धा जण हायती. चार हिकडं, चार तिकडं, अन् दोघं दोन्हीकडं. एक शब्द वावगा गेला तर उद्या पाटाच्या पाण्याची पाळी अडती. अमेरिकेवर भांडलं तर कुणाचं पाणी अडत न्हाय."

हे ऐकले मात्र, आणि मला मेयोमधली ती संध्याकाळ आठवली.

मेयो ही आयर्लंडच्या पश्चिमेची काउंटी. डोंगर, दलदल, मेंढ्या आणि पाऊस. मुलगी राहत होती त्या गावातल्या दारूच्या गुत्त्यात (तिथे गुत्ता म्हणजे आपला पारच, मी संत्र्याचा रस घेऊन बसत असे, याची माझ्या घरच्यांनी नोंद घ्यावी) भिंतीवर बायडेनसाहेबांची तसबीर होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते बॅलिना गावी येऊन भाषण करून गेले होते. तिथल्या मोठ्या चर्चसाठी त्यांच्या पूर्वजाने विटा पुरवल्या होत्या, त्या नात्याने ते गाव त्यांना घरचेच मानते. ओबामांचेही एक आजोळ त्या देशात निघाले; मनीगॉल नावाचे एवढेसे खेडे, आणि आता त्याच्याजवळ हमरस्त्यावर पेट्रोल-पंपासह उभ्या असलेल्या विश्रांतिस्थानाला चक्क ओबामांचे नाव आहे! दर वर्षी सेंट पॅट्रिकच्या सणाच्या सुमारास आयर्लंडचा पंतप्रधान वॉशिंग्टनला जातो आणि अमेरिकेच्या अध्यक्षाला तिपानी गवताचे भांडे नजर करतो. २०१८ साली ते भांडे ट्रम्पसाहेबांच्या हाती देणारे पंतप्रधान होते लिओ वराडकर, म्हणजे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचे चिरंजीव. ही माहिती मी त्या गुत्त्यात मोठ्या अभिमानाने सांगितली. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारले, "तुमच्या गावचा फुटबॉल संघ कसा आहे?"

कारण तिथे माणसाची खरी ओळख ती. गेलिक फुटबॉल हा त्यांचा स्वतःचा खेळ. पंधरा-पंधरा गडी, चेंडू हाताने झेलायचा, पायाने मारायचा, खांबांच्या मधून आडव्या दांड्यावरून गेला तर त्या वेळी एक गुण, दांड्याखालून जाळ्यात गेला तर तीन. १८८४ साली इंग्रजी अमलात त्यांनी या देशी खेळांची संघटना स्थापन केली. संघ गावोगावच्या धर्मग्रामाचा, आणि अजूनही खेळणाऱ्याला पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कात ब्याऐंशी हजार माणसे ज्याच्या नावाने ओरडतात, तो सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला नाहीतर दुकानात बसायला जातो. मेयोने अखिल आयर्लंडचा चषक १९५१ साली जिंकला, त्यानंतर नाही. अंतिम सामन्यापर्यंत जातात आणि हरतात. त्या वर्षी विजयी संघ परतताना एका प्रेतयात्रेला मान न देता पुढे गेला म्हणून शाप लागला, अशी कथा आहे. शापावर कोणाचा विश्वास नाही आणि तो सांगितल्याशिवाय कोणी राहत नाही.

तोच म्हातारा मला म्हणाला होता, की आम्ही आमच्या देशाच्या राजकारणावर इथे फारसे बोलत नाही; आमच्या आज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या आहेत. अमेरिकेवर मात्र मनसोक्त बोलतो. आणि मग थोडे थांबून, "माझे दोन मुलगे बॉस्टनला आहेत."

वडगावच्या पारावर ही हकीगत सांगितली. मंडळींना शापाची गोष्ट फार आवडली. एकाने विचारले, "म्हंजी त्यांच्यातबी हुतूतू सारखंच हाय म्हणायचं?" मी म्हणालो, "अगदी." मग १९४७ चा त्यांचा अंतिम सामना चक्क न्यूयॉर्कला खेळवला होता, तेही सांगितले. घर सोडून गेलेल्या आयरिश लोकांना पाहता यावा म्हणून. दाजी इतका वेळ ऐकत होते. ते एकदम उठले आणि म्हणाले, "चला, जेवणं व्हायचीत." जेवणे तर दुपारी उशिराच झाली होती.

घरी येताना मला उलगडा झाला. अक्काचा थोरला डलासला आहे.

हा थोरला एके काळी गावच्या संघाचा चढाईपटू होता. बारीक अंगाचा, पण दम असा की मध्यरेषा ओलांडून गेला की समोरचे सात गडी तोंड बघत राहायचे. दाजींना ते पसंत नव्हते. बारावीच्या वर्षी त्यांनी त्याच्या गुडघ्याच्या पट्ट्या उचलून विहिरीत टाकल्या. "कबड्डी पोटाला घालती का?" हा त्यांचा सवाल. तेव्हा त्यात चूक काहीच नव्हती. आता प्रो कबड्डी आली, मॅट आली, लाखांच्या बोल्या लागतात. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती झाली, तेव्हा त्या संघाचा कप्तान पलीकडच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यातलाच मुलगा होता. पण प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ मध्ये, आणि पट्ट्या विहिरीत गेल्या त्या आदल्या वर्षी. मुलगा इंजिनियर झाला, २०१७ साली शिकायला अमेरिकेस गेला, नोकरीला लागला. २०१९ साली एकदा येऊन गेला. त्यानंतर नाही.

का नाही, हे समजावून घ्यायला मला बराच वेळ लागला. वाचकांपैकी ज्यांच्या घरचे कोणी तिकडे आहे त्यांना ते पाठच असेल. कामाचा परवाना तिथल्या तिथे वाढवून मिळतो. पण एकदा देशाबाहेर पाय टाकला की पुन्हा आत शिरायला पारपत्रावर नवा शिक्का लागतो, तो इथल्या वकिलातीतून. मुलाखतीची तारीख मिळाली नाही, किंवा कागद तपासणीत अडकला, की माणूस आठवडेच्या आठवडे इकडे आणि नोकरी तिकडे. कायमच्या राहण्याच्या परवान्यासाठी हिंदुस्थानातल्या माणसांची रांग तर इतकी लांब, की तीत उभा राहिलेला तरुण म्हातारा व्हावा. २०२० साली, महामारीत, अक्काच्या सासूबाई गेल्या. नातवावर त्यांचा फार जीव. त्याच जूनमध्ये ट्रम्पसाहेबांनी वर्षअखेरपर्यंत असे परवाने घेऊन बाहेरून येणाऱ्यांना बंदी केली होती. बाहेर पडला तर परत शिरता येणार नाही, म्हणून थोरला आला नाही. आजीचा दहावा त्याने फोनवर पाहिला.

म्हणून पारावरचे सगळे हसत होते तेव्हा दाजी हसत नव्हते. त्या रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला विचारले, "भाऊ, खरं सांगा. दोघांत कोण आलं तर पोरगं येऊन जाईल?"

मी चाळीस वर्षे बँकेत नोकरी केली. माणसाला धीर येईल असे मोघम बोलण्याची मला सवय आहे. पण त्या प्रश्नाला मला मोघम उत्तरही सुचले नाही. म्हणालो, "तिथले कायदे एकट्या माणसाच्या हातात नसतात." दाजी म्हणाले, "आजीच्या येळंला एकाच माणसाची सही होती."

अमेरिकेने या नदीकाठी हात घालण्याची ही पहिली वेळ नाही, हे दुसऱ्या दिवशी निवृत्त गुरुजींनी मला सांगितले. म्हणजे पुस्तकातून वाचलेले मलाही होते. पण वाचणे निराळे आणि त्याच मातीत उभे राहून ऐकणे निराळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. सावकार शेतकऱ्याच्या दारात येऊन पैसे देऊ लागले. १८६५ साली ती लढाई संपली, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला, इकडचे भाव कोसळले. वर सरकारने सारा वाढवला. कर्ज तेवढे राहिले. याच शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार घातला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडीत सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खते काढून जाळली. त्यातून पुढे १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. गंमत अशी, की याच लढाईने तिकडचे गुलाम सुटले, म्हणून महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. एकाच लढाईचे एक टोक फुल्यांच्या अर्पणपत्रिकेत आणि दुसरे सुप्याच्या होळीत.

"अन् मिलो इसरलात का?" गुरुजींच्या पत्नी आतून म्हणाल्या. १९७२ च्या दुष्काळातली ती लाल ज्वारी. त्याआधी रेशनवर लाल गहू येई, तोही अमेरिकेचाच. मिलोच्या भाकरीचे नाव काढताच त्यांनी तोंड असे केले, की बावन्न वर्षांनंतरही ती चव मला समजली.

मंगळवारी, ५ नोव्हेंबरला, शाळेच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना होता. पासष्ट किलो वजनी गट. आमच्या गावाचा संघ आणि नदीपलीकडचा, म्हणजे दौंड तालुक्याचा संघ. नदी अशी, की तिच्या दोन काठांवर शंभर वर्षांच्या सोयरिकी आहेत आणि सामन्याच्या दिवशी सगळे एकमेकांचे वैरी. आचारसंहिता असल्यामुळे पुढाऱ्यांचे फलक नव्हते, ढालीवर कोणाचे नाव नव्हते, आणि निवेदकाला "सन्माननीय" हा शब्द अर्ध्या तासात एकदाही वापरावा लागला नाही. असा निर्मळ सामना मी पूर्वी पाहिलेला नाही. निवडणूक आयोगाने याचाही विचार करावा.

मैदान मातीचेच होते. दुपारी पाणी मारून, दाबून, फक्कीने रेषा आखल्या. आमच्या लहानपणी हाच खेळ हुतूतू होता. गावागणिक नियम निराळे. एका ठिकाणी बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, दुसऱ्या ठिकाणी मेला तो मेलाच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने शंभर वर्षांपूर्वी नियम बांधायला घेतले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम मंडळाच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनला हा खेळ करून दाखवला, आणि बुवा साळवी यांच्यासारख्यांनी पुढे आयुष्य घालवले, तेव्हा कुठे तो १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत पोचला. आयर्लंडच्या संघटनेची हकीगत ऐकताना मला याचीच आठवण होत असे. फरक एवढाच, की त्यांनी आपल्या खेळाला अजून बाजार लावू दिलेला नाही. ते चांगले की वाईट, हे मला ठरवता येत नाही. विहिरीतल्या पट्ट्या आठवल्या की वाटते, बाजार थोडा लवकर लागता तर बरे झाले असते.

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा तिकडे अमेरिकेत मतदान सुरू झाले होते. धाकट्या भाच्याने दुपारीच मला ती निवडणूक त्याच्या भाषेत समजावून दिली होती. "मामा, एकूण पाचशे अडतीस गुण. दोनशे सत्तर झाले की जिंकला. पण बाकीची राज्यं आधीच वाटलेली. खरी कबड्डी सात राज्यांत. सात गडी! ते बाद केले की झालं." जास्त मते मिळवूनही माणूस कसा हरतो, हे दाजींना पटेना. २०१६ साली हिलरीबाईंना जवळजवळ एकोणतीस लाख मते जास्त पडूनही त्या हरल्या होत्या. रमाबाई तिथे होत्या त्या १८८८ सालीही क्लीव्हलँडसाहेबांचे असेच झाले. भाच्याने एका वाक्यात निकाल दिला. "दम कितीबी घाला, गुण स्पर्शाला मिळतो."

सामना सुरू झाला आणि अक्काने पदराखालून फोन काढला. पडद्यावर थोरला. तिकडे सकाळचे साडेआठ. कचेरीच्या आवारात मोटार उभी करून तो आतच बसला होता. अक्काने हात उंच करून मैदानाकडे फोन धरला. "आई, खाली घे. उजवा कोपरा दाखव. त्याला म्हणावं उजव्या कोपऱ्यावर जाऊ नको, तो पाय धरतो." अक्का निरोप ओरडत होती, आणि एवढ्या गलक्यात तो कोणाला ऐकू जात नव्हता. मध्येच फोन फिरायचा आणि थोरल्याला मैदानाऐवजी आईचा चेहरा दिसायचा. "आई, माझ्याकडं नको, खेळाकडं!" पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पहिल्यांदा मला वाटले, तिला फोन धरता येत नाही. मग लक्षात आले, की पडदा स्वतःकडे वळवल्याशिवाय तिला तो दिसत नव्हता.

मध्यंतराला आपण चार गुणांनी पुढे होतो. उत्तरार्धात दैव फिरले. दोन पकडी हुकल्या, एक गडी रेषेबाहेर गेला, आणि शेवटी धाकटा एकटा उरला. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. तिसरीत गुण हवाच. तो गेला. बोनस रेषेपर्यंत पोचला, पाय टेकतो न टेकतो तोच उजव्या कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला आणि बाकीचे अंगावर पडले. लोण. दोन गुण जास्तीचे. सामना तिथेच गेला. पुढची मिनिटे नुसती मोजायची होती. दोन गुणांनी हरलो.

फोनमधून थोरला म्हणत होता, "सांगितलं होतं उजव्या कोपऱ्यावर जाऊ नको." दाजींनी अक्काच्या हातातून फोन घेतला. मला वाटले, आता काही बोलतील. ते म्हणाले, "तू असतास तर गेला नसता." एवढेच बोलून फोन परत दिला. त्या वाक्यातले अकरा वर्षांपूर्वीचे काय काय थोरल्याला ऐकू गेले, कोण जाणे. पडद्यावर तो बराच वेळ नुसता बसून होता. मग म्हणाला, "आबा, कामाला जातो."

परत जाताना बिबट्याच्या भीतीने सगळे एका घोळक्याने, बॅटऱ्या पाजळीत निघालो. नदीपलीकडची मंडळी टेंपोत बसून ढाल वाजवीत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत ट्रम्पसाहेब आल्याचे कळून चुकले. पारावर दोन दिवस रंगलेली चर्चा तासाभरात संपली, आणि मंडळी ऊसतोडीच्या टोळ्या कधी येणार यावर आली. घरी मात्र दाजी दूरदर्शनसमोर बसूनच होते. संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. जानेवारीत यायचा बेत होता. कंपनीच्या वकिलाने सांगितले होते, की नवे अध्यक्ष गादीवर बसून धोरण कळेपर्यंत देश सोडू नका. अक्काने विचारले, "मंग उन्हाळ्यात?" तो म्हणाला, "बघू." अक्काने त्याला चिवडा कसा झाला होता ते सांगायला सुरुवात केली.

मी गुरुवारी पुण्याला परतलो. रविवारी सकाळी धाकट्याचा फोन. ॲरिझोनाचाही निकाल लागला होता. "मामा, सातही गडी बाद. लोण चढला!" त्याला त्या गोष्टीची भारी मौज वाटत होती. मीही हसलो.

थोरला २०२५ च्या उन्हाळ्यातही आला नाही. त्या सप्टेंबरात, पितृपंधरवड्यात, एके दिवशी भल्या पहाटे दाजींचा फोन आला. असे परवाने घेऊन नवीन येणाऱ्या माणसामागे एक लाख डॉलर भरावे लागतील, असा हुकूम ट्रम्पसाहेबांनी १९ तारखेला काढला होता. लाख डॉलर म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख रुपये. दाजींनी ते रात्रीच एकरांत मांडून ठेवले होते. "नदीकडचं सगळं रान गेलं तरी पुरं व्हत न्हाय, भाऊ." आधीपासून तिथे असलेल्यांना हा आकार नाही, असा खुलासा पुढे झाला. तो मी फोन करून कळवला तेव्हा दाजी म्हणाले, "म्हंजी वर पाय ठेवायला जागा हाय, पर शिडी काढून घेतली."

भाऊबीजेचे बोलावणे मात्र अक्काने नेमाने केले. सामने आहेत ना, असे मी विचारले. आहेत, म्हणाली, मैदानही आखायला घेतले आहे. धाकट्याने कोपऱ्यातून निसटायची नवी उडी बसवली आहे, आणि ती थोरल्याने फोनवरूनच शिकवली. फक्त या खेपेला फोन मध्यरेषेजवळच्या खांबाला बांधायचा, आईच्या हातात द्यायचा नाही, असे त्याने बजावून ठेवले आहे. अक्काने त्याला हो म्हटले आहे. खांबाला बांधायला दोरी मात्र मिळत नाही, म्हणाली.